दप्तरावरचा नंबर

माईक हातात आला की मला काय होतं ते मलाच कळत नाही. एरवी मी घाटकोपरच्या एका दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलते आणि 'नाव काय, वय किती, कुठला दात' यापलीकडे बोलत नाही. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या विहाराची सहल लुंबिनीला गेली आणि तिथून जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत कुणीतरी माझ्या हातात माईक दिला.

सहलीबरोबर आम्ही वापरलेली पुस्तकं, कंपासपेट्या, दप्तरं नेली होती. विहाराचे मधुकरकाका दर वर्षी हे काम अंगावर घेतात. माझ्या नेत्राचं आठवीतलं दप्तरही त्यात होतं. ती आता अकरावीला आहे, पण दप्तर धड होतं, कारण दोनदा चेन मीच बदलून आणली होती. ते मी एका किडकिडीत मुलीच्या खांद्याला अडकवलं. नाव फूलमती, तीही आठवीतच. तिचा बाप मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघत मी माईकवर हिंदीत ठणकावलं, की मुलींना शिकवा, मध्येच शाळा सोडायला लावू नका, आणि काही लागलं तर आम्ही आहोत. टाळ्या पडल्या. मला माझंच कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

दप्तराच्या झाकणाच्या आत मी कधीकाळी मार्करने नाव, इयत्ता, तुकडी आणि माझा मोबाईल नंबर लिहिला होता. मुंबईतली कुठलीही आई लिहिते. देताना तो खोडायचं कुणालाच सुचलं नाही.

एप्रिलमध्ये नेपाळच्या नंबरवरून फोन यायला लागले. पहिले दोन मी कापले. परदेशातून फोन आला की बँकेचं खातं साफ होतं, असं आमच्या ग्रुपवर रोज येतं. तिसरा उचलला, तोही झापायला.

"दीदी, मैं फूलमती. बैग वाली."

शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत होती. महिनाभरात तिचं लग्न होतं. तिला नववीत जायचं होतं. मी तिच्या बापाशी एकदा बोलावं, एवढंच तिचं मागणं.

"आपने बोला था ना, हम हैं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. शिंप्याला पावती दाखवावी इतक्या सहज म्हणाली.

समोर एक आजोबा गाल धरून बसले होते, त्यांना मी पाळी नसताना आत पाठवून दिलं.

मधुकरकाकांनी तिथल्या गाइडला फोन लावला. घरच्या भानगडीत पडू नका, असं सांगून त्याने नंतर आमचा फोनच घेतला नाही. आपल्याकडच्या मुलांच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी सगळं नीट ऐकलं, नेपाळमधला नंबर शोधून दिला. तिथे फोन लावला तर त्यांनी गावाचं नाव विचारलं. आम्ही त्या गावात दीड तास होतो. केळी वाटली, फोटो काढले. गावाचं नाव आमच्या चाळीस जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

शेवटी शेजाऱ्याच्याच नंबरवर फोन करून बापाला बोलवून घेतलं. मी भांडायच्या तयारीत होते, पण माणूस भांडेना. त्याने सांगितलं, इथली शाळा आठवीपर्यंतच. नववीला दोन तास कालव्याच्या कडेने चालायचं, एकटीने. मग म्हणाला, "आप रख लेंगी इसे? आज ही भेज देता हूँ।"

समोर माझा नवरा भीमराज जेवायला बसला होता. त्याने घास हातात धरून नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याने हलवली नसती तरी मी हो म्हणणार नव्हते, हे मला माहीत होतं. आमचं वन रूम किचन, त्यात सासूबाई, नेत्रा. मी विषय बदलला.

मी गावाचं नाव विचारलं तर त्याने न घाबरता सांगितलं. वर म्हणाला, दप्तर मजबूत आहे दीदी, कपडे त्यातूनच सासरी जातील. ते नाव मी तिकडच्या हेल्पलाइनला कळवलं. कुणाला तरी पाठवतो म्हणाले. कुणी गेलं की नाही, ते मला कुणी सांगितलं नाही. शेजाऱ्याचा नंबर पुढे लागेनासा झाला.

या वर्षीच्या सहलीची दप्तरं आता विहारात येऊन पडली आहेत. परवा मधुकरकाकांनी माझ्यासमोर कापूस आणि थिनरची बाटली ठेवली. म्हणाले, "नीलम, आधी हे नंबर पुसून टाक. नंतर कुणाला त्रास नको."

मला राग आला. त्यांना चांगलं सुनावणार होते, पण कापूस मीच उचलला. मांडी घालून बसले आणि पुसायला लागले. एकेका आईचा नंबर निघत गेला. नेत्रा शेजारी दप्तरं वाळत ठेवत होती. तिने विचारलं, "मम्मी, तिचा पुन्हा आला का गं फोन?"

नाही आला. परदेशातला कुठलाही नंबर दिसला की मी हल्ली पहिल्या रिंगला उचलते. आजवर सगळे फसवणारेच निघाले. आणि खरंच तिचा आला, तर तिच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.