मंगळवारचे पेलिकन्स

मशीन केकाटलं तेव्हा गोष्टीतले पेलिकन्स एका गोलनं मागे होते आणि बॉल नुकताच त्यांच्या गोलकडे सुटला होता.

"गेलं! पार वाटोळं झालं!" मिस्टर एशुन खुर्चीत मागे रेलले. "आता पुन्हा पहिल्यापासून."

"हात वाकवलात तुम्ही," सुप्रभा म्हणाली. "सुया टोचलेला हात सरळ ठेवायचा, किती वेळा सांगू?"

"बॉल आला की हात वर जाणारच, सिस्टर."

"फुटबॉल पायानं खेळतात ना?"

"आणि गोलकीपर?"

पुण्याहून आलेली तरुण नर्स मंजिरी लगबगीनं आली. तिनं अलार्म बंद केला, नळीची मुरड सोडवली आणि जाता जाता मराठीत पुटपुटली, "काकू, तुमचं हे कीर्तन काही पूर्ण होत नाही हं."

नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलातलं हे डायलिसिस युनिट. सुप्रभा तिथं हेल्थकेअर असिस्टंट होती. आल्यागेल्याचं वजन करायचं, उशा लावायच्या, चहा-बिस्किटांची ट्रॉली फिरवायची. पेशंट चार-चार तास खुर्चीला खिळलेले. कुणी टीव्ही बघे, कुणी घोरे. कोबिना एशुन मात्र माणसं बघत. आयुष्यभर या शहरात बस चालवलेली, आरशातून मागचं सगळं दिसायची सवय.

म्हणूनच त्यांच्या लक्षात आलं. एका मंगळवारी ते म्हणाले, "तू मंगळवारी काही खात नाहीस. बिस्किट दिलं की खिशात टाकतेस."

सुप्रभा चपापली. मंगळवारचा उपास तिला लग्नाआधीपासूनचा. पहाटे आंघोळ, खिडकीतल्या कुंडीतल्या दूर्वा गणपतीला वाहायच्या, आणि मग संध्याकाळी दिवा लागेपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही. इथल्या थंडीत दूर्वा पिवळ्या पडत, पण नेम कधी चुकला नव्हता. मात्र त्याचा गाजावाजा तिनं कधी केला नव्हता. देवाशी ठरलेलं, ते देवाशीच.

"व्रत असतं माझं," ती हळूच म्हणाली.

मिस्टर एशुन खुर्चीत ताठ बसले. "अगं, इतकी वर्षं मी या गावात मंगळवारी उपाशी असलेलं माणूस शोधतोय!"

मग उलगडा झाला. घानाच्या किनाऱ्यावर अन्क्वामो नावाचं त्यांचं कोळ्यांचं गाव. मंगळवारी दर्या विश्रांती घेतो, म्हणून होड्या वाळूवर. होडी नाही म्हणून मासळी नाही, आणि मासळी नाही म्हणून संध्याकाळपर्यंत चूल नाही. अशाच एका रिकाम्या, उपाशी मंगळवारी गावातल्या पोरांनी दोन वल्ही वाळूत रोवली, त्यांना फाटकं जाळं बांधलं, आणि अन्क्वामो पेलिकन्स हा क्लब जन्माला आला. तेव्हापासून क्लबची गोष्ट सांगायची ती मंगळवारी, उपाशी माणसाला आणि एका बैठकीत. मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. सांगणाऱ्यानं खाल्लेलं चालतं, त्याला बळ लागतं. पण भरल्या पोटी ऐकणाऱ्याच्या कानांवर झाकण बसतं, असं तिकडं म्हणतात.

"पण इथं तुमच्या क्लबाची माणसं होती ना?" सुप्रभानं विचारलं होतं.

"हॉल भरायचा एकेकाळी. काही वर गेले, काही मुलांकडे गेले."

"आणि उरलेले?"

"उरलेल्यांना डायबेटिस. नाश्ता केल्याशिवाय गोळी घेता येत नाही." हसता हसता त्यांना ठसका लागला. "लेक म्हणते, डॅडी, फोनवर रेकॉर्ड करा. मी म्हटलं, फोन कसला उपाशी? रात्रभर भिंतीला तोंड लावून खात असतो!"

तेव्हापासून दर मंगळवारी गोष्ट सुरू होई आणि दर मंगळवारी मोडे. कारण तेच. मिस्टर एशुन तोंडानं कमी आणि हातांनी जास्त बोलत. जाळं फेकलं की हात उडे, नळीला मुरड पडे, मशीन केकाटे.

आज अलार्म बंद झाल्यावर त्यांची कुरकुर लगेच थांबली, हेच सुप्रभाला खटकलं.

"पुढचा मंगळवार शेवटचा, सिस्टर," ते म्हणाले. "एफुआ मला ब्रिस्टलला घेऊन चाललीय. एकटं राहू देत नाही म्हणते. तिथं सोमवार-बुधवार-शुक्रवारची खुर्ची मिळालीय."

"अरे वा! लेकीच्या घरी म्हणजे सुखच की."

"सुख आहे. खोली दिलीय, बागेकडची. पण ती डोळे उघडायच्या आत टोस्ट खाते." ते जरा थांबले. "मला ही गोष्ट एका म्हाताऱ्यानं दिली. जाळी विणायचा तो. ती माझ्याबरोबर संपली, तर त्याला काय तोंड दाखवू?"

घरी आल्यावर सुप्रभानं नवऱ्याला सगळं सांगितलं. शशिधर सोफ्यावर फोन बघत होता.

"हं," तो म्हणाला.

"काय म्हणाले मी?"

"पेलिकन. पक्षी असतो तो."

सुप्रभाला हसू आलं. श्रावणात हातात अक्षता घेऊन ती कहाणी सांगायला बसे, तेव्हाही असाच हुंकार येई. कोणता हुंकार कानातून आला आणि कोणता नुसता घशातून, हे तिला बरोबर कळे. शेवटी शेवटी तिनं कहाणी समईला सांगायला सुरुवात केली होती. समई निदान मध्येच स्कोअर बघत नाही. पण ऐकणारं माणूस नसलं की सांगणाऱ्याच्या जिवाला काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

मंगळवारी ती कामावर पोचली तर मंजिरी ट्रॉली घेऊन तयार.

"आज चहा मी देते. तुम्ही तुमचा सगळा ब्रेक एकदम घ्या."

"अगं, पण सिस्टर-इन-चार्ज?"

"तिला सांगितलंय मी. म्हटलं, काकूंचं रिलिजस आहे काहीतरी."

"खोटं बोललीस?"

"खोटं कुठंय, काकू?"

सुप्रभा खुर्ची ओढून बसली. मिस्टर एशुननी घसा खाकरला. दर्या, वाळू, उपाशी पोरं. गोष्ट जाळ्यापर्यंत आली आणि त्यांचा हात उठायला लागला. सुप्रभानं झटकन त्यांचं मनगट उशीवर दाबून धरलं.

"हात इथंच राहू दे. तोंड तुमचं, हात माझे."

"म्हणजे?"

"जाळं कसं फेकतात? सांगा ना, थांबू नका!"

आणि साठीला आलेली सुप्रभा, जिनं शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता, ती उभी राहिली. तिनं जाळं फेकलं.

"आणखी उंच," मिस्टर एशुन म्हणाले, पण थांबले नाहीत.

बंदरातल्या कारकुनांचा संघ बूट घालून आला आणि पेलिकन्स अनवाणी उतरले. होडीचा सुकाणूवाला गोलमध्ये उभा राहिला. त्यानं उजवीकडे झेप घेतली तेव्हा सुप्रभाचा कोपर पडद्याच्या दांडीवर आपटला. पुढं लीग आली, मॅच रविवारी गेल्या. म्हातारे म्हणाले, खेळा रविवारी, पण गोष्ट मंगळवारचीच. मग दुष्काळाचं वर्ष आलं. मैदानात पोरं चक्कर येऊन पडायला लागली, तेव्हा मासळी धुरावर सुकवणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन आल्या आणि घरच्यांच्या आधी त्यांनी संघाला वाढलं. सुप्रभानं टोपली उतरवली, वाढलं. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी टीव्हीचे हेडफोन काढले. त्यांनी टोस्ट खाल्ला होता, पण बघायला बंदी नव्हती.

शेवटी गोष्ट आजच्या दिवसांत आली. दर्यानं मैदानाचा एक कोपरा खाल्ला. कॉर्नरचा झेंडा आत सरकवला. पुढच्या वर्षी पुन्हा आत. आता त्या बाजूनं कॉर्नर मारायचा तर पाय पाण्यात. पेलिकन्स एका गोलनं मागे. एक पोरगा पाण्यात उभा राहतो, लाट मागे जायची वाट बघतो, मारतो. बॉल हवेत जातो.

मिस्टर एशुननी डोकं मागे टेकवलं.

"पुढे?"

"पुढे नाही."

तर मग झाली कहाणी. सुप्रभानं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. "सुफळ संपूर्ण."

"काय म्हणालीस?"

तिनं अर्थ सांगितला. मिस्टर एशुनचे डोळे विस्फारले. "नको! परत घे, परत घे! आमची गोष्ट संपवायची नसते. बॉल हवेत ठेवायचा. ऐकणाऱ्यानं आपलं एक वाक्य पुढं लावायचं, मग ती त्याची होते."

सुप्रभाचा जीव कासावीस झाला. कहाणी अपुरी ठेवून उठायचं म्हणजे तेवता दिवा आपल्या हातानं मालवायचा. जन्मात असं केलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात बाप्पाची क्षमा मागितली आणि आपले शब्द परत घेतले. वाक्य सुचेना. मिस्टर एशुननी घाई केली नाही.

"त्या वर्षी," ती अखेर म्हणाली, "पेलिकन्सनी नॉटिंगहॅमला एक मॅच काढली. तोंड एकाचं होतं, हात दुसऱ्याचे. आणि अलार्म वाजला नाही."

मिस्टर एशुननी मान हलवली. दोनदा. "लागलं," ते म्हणाले. "वाक्य लागलं."

वेळ भरली. मंजिरीनं सुया काढल्या आणि मिस्टर एशुन कापूस दाबून बसले. तेव्हा सुप्रभाचं लक्ष डेस्ककडे गेलं. एफुआ तिथं उभी होती. ब्रिस्टलहून गाडी हाकत आलेली, हातात मोटरवेवरच्या थांब्यावरून घेतलेलं सँडविच. एक घास खाल्लेला आणि बाकीचं पुन्हा कागदात नीट गुंडाळलेलं. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

वडील कोटाची बटणं लावत होते तेवढ्यात ती सुप्रभाजवळ आली.

"आंटी," तिनं हलक्या आवाजात विचारलं, "मंगळवारी चहा चालतो का?"

"पाणी चालतं. चहाचं तू ठरव. पण एकदा ठरवलंस की मोडू नकोस."

एफुआनं मान डोलावली. तिनं व्हीलचेअर पुढं केली, ती मिस्टर एशुननी नाकारली. ते चालतच गेले, सावकाश, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. दारापाशी काहीतरी बोलून दोघं हसली. लिफ्टचं दार बंद झालं.

सुप्रभानं जंतुनाशक वाइप्स घेतले. खुर्चीचे हात पुसले, पाठ पुसली. गादीवर हात ठेवला तर ती अजून कोमट होती. पुढच्या आजीबाई वजनकाट्यापाशी ताटकळत उभ्या होत्या. सुप्रभा तशीच थांबली, गादी गार होईपर्यंत. मग नवी उशी लावली आणि त्यांना नावानं हाक मारली.