गोळीचा नेम

शुक्रवारी सकाळी चहात बिस्किट बुडवता बुडवता पद्माकरराव म्हणाले, "मैत्रेयी, मान वळवली की डोळे जरा मागाहून येतात गं."

"मागाहून म्हणजे?"

"म्हणजे मी आधी पोचतो, डोळे नंतर. आणि मधेच डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. उद्या जाऊन येऊ."

मैत्रेयीची साडेआठला बँकेत मीटिंग होती आणि टॅम्पिनीस स्टेशनावर एमआरटी मेट्रोत शिरायलाच दोन गाड्या सोडाव्या लागत. तिने बूट चढवले. बाबांनी नेहमीसारखं "छत्री घे" म्हटलं, तिने नेहमीसारखी ती घेतली नाही. इतका साधा दिवस होता तो.

डोळे मागाहून का येत होते, हे खरं तर तिला कळायला हवं होतं. आई गेल्यावर बाबा पुण्याहून इथे परदेशात तिच्याकडे राहायला आले, तेव्हा ते सोफ्यावर बसत आणि संध्याकाळी त्याच जागेवर सापडत. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली. हळूहळू माणूस परत आला. शब्दकोडी सोडवू लागला, बाजारात भेंडीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालू लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कमी करायची झाली तर मी सांगेन तशी, थोडी थोडी, काही महिने लावून. मनाने एकदम बंद करायची नाही."

मात्र घराबाहेर त्या गोळीचं नाव होतं 'ॲसिडिटीची गोळी'. हे बारसं बापलेकींनी मिळून केलं होतं. आपल्या लोकांत पोटाचे आजार जेवताना तपशीलवार सांगता येतात. मनाचा आजार निघाला की सगळ्यांना एकदम घरी जायचं आठवतं.

आदल्या रविवारी दोघं सेम्बावांगला दिलीपकाकांकडे जेवायला गेली होती. काका जहाजदुरुस्तीच्या यार्डातून निवृत्त झालेले इंजिनियर. जहाजं सुटली, दुरुस्तीची सवय सुटली नाही. आता ते माणसं दुरुस्तीला घेत. त्यांच्या तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याने बरा न होणारा रोग अजून जन्माला यायचा होता. चातुर्मास नुकताच लागला होता आणि काका पंगतीत एकेकाकडून नेम वदवून घेत होते.

"कांदा-लसूण काय, सगळेच सोडतात. पद्माकरराव, तुम्ही ती गोळी सोडा. चार महिने आमसुलाचं पाणी घ्या, ॲसिडिटी पत्ता विचारत येणार नाही."

मैत्रेयी म्हणाली, "काका, ती एकदम सोडायची नसते."

"का बुवा? नेम काय अर्धा अर्धा धरतात? सोमवारी अर्धं वांगं, मंगळवारी पाव?" पंगत हसली. काकांनी भुवया उंचावल्या. "ॲसिडिटीचीच आहे ना?"

बाबा ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत राहिले. मैत्रेयीने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"हो. ॲसिडिटीचीच."

परतताना ती म्हणाली, "बाबा, गोळी चालू ठेवा हं."

"बघू," ते म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला अडतीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी बाबा कोथिंबीर आणायला गेले. ब्लॉकच्या जिन्यात त्यांचा तोल गेला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी औषधं विचारली. घरच्या पाकिटात सोमवारपासूनच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. गोळी अशी एकदम बंद केली तर चक्कर येते, तोल जाऊ शकतो, असं ते शांतपणे म्हणाले. पडण्याचं कारण तेच, हे खात्रीने सांगता येणार नाही, असंही म्हणाले. बाबा त्याच दुपारी गेले.

तेराव्याला फ्लॅट भरला. दिलीपकाकांच्या बायकोने, विनीताकाकूंनी, वरणभाताचा ताबा घेतला आणि काकांनी बोलण्याचा.

"पुण्यवान माणूस," काका म्हणाले. "शेवटच्या श्वासापर्यंत गोळी सोडण्याचा नेम मोडला नाही. आणि शरीर बघा, केमिकल्सपासून मोकळं. शुद्ध होऊन गेले."

"अहो, पडून गेले ते," विनीताकाकू म्हणाल्या.

"पडणं निमित्त गं."

कोपऱ्यात मैत्रेयीचा चुलतभाऊ संजीव बसला होता. पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमधला, गेल्या वर्षी घटस्फोट झालेला. तो हळूच म्हणाला, "काका, मीही एक गोळी घेतो. ॲसिडिटीची. सोडावी म्हणतोय."

"आजच सोड. तुझ्या पद्माकरकाकांच्या स्मृतीला तेवढं तरी कर."

संजीवने मान डोलावली आणि आपल्या ताटाकडे बघत राहिला. त्या रविवारी बाबा कोशिंबिरीकडे बघत होते तसा. मैत्रेयीच्या हातात तुपाची वाटी होती. तिने ती खाली ठेवली.

"संजीव, कशाची गोळी आहे ते मी विचारत नाही. पण तुझ्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय एकही चुकवू नकोस. सोडायचीच असेल तर ते सांगतील तशी, हळूहळू."

"मैत्रेयी, बाळ, ॲसिडिटीला कशाला एवढं—"

"बाबांना ॲसिडिटी नव्हती, काका. डिप्रेशन होतं. गोळी त्याची होती."

काकूंनी डाव परत पातेल्यात ठेवला.

"मग सांगायचंत ना," काका म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता. "मी विचारलं होतं."

"विचारलंत. बाबा गप्प बसले, आणि खोटं मी बोलले. मला सगळं माहीत होतं, तरी तुमच्यासमोर मला बाबांची लाज वाटली."