सत्तावीसचे यांकीज

१९२७चे यांकीज आणि १९७५चे रेड्स हे बेसबॉलचे संघ एकमेकांना भिडले असते, तर कोण जिंकलं असतं? डेल्बर्ट बायकोशी, व्हर्नाशी, रोज हाच वाद उकरून काढायचा. अख्खं सिनसिनाटी शहर आपल्या रेड्सचं, हा एकटा यांकीजचा. कारण पंचाहत्तरचे सामने व्हर्नाने पहिल्या नवऱ्याबरोबर, वेंडेलबरोबर पाहिले होते आणि त्याने पेन्सिलीने भरलेलं स्कोअरकार्ड ती अजून कपाटात जपून ठेवायची. मेलेल्या माणसावर जळण्यात या गड्याची तीस वर्षं गेली!

"यांकीजनी तुझ्या रेड्सची पार धूळधाण केली असती!" आजही तो गरजला.

"बरं बाबा, केली असती," व्हर्ना हसली. "वेंडेलही जन्मभर हेच म्हणायचा."

डेल्बर्टने कॉफीचा कप आपटला.

"त्याला काय कळत होतं? रेड्सच जिंकले असते!"