चक्रीच्या पोटातला आकडा

मी चक्री बोलतेय. बागेच्या दारात तीन लोखंडी हात पसरून, एकेकाला आत सोडणारी असते ना, तीच. माझ्या पोटात एक मीटर आहे. हात फिरला की आकडा एकाने पुढे सरकतो. मला येतं ते एवढंच. पण कचेरीत यालाच माहिती म्हणतात.

एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले आणि आठ वर्षांपूर्वी इथे उभी राहिले. उद्घाटनाला आलेले साहेब पोटापाशी अडकले. दोघांनी मागून ढकललं, टाळ्या झाल्या आणि माझा आकडा एक झाला.

पुढे मला वंगण मिळावं म्हणून माळीकाकांनी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं, की अर्ज विहित नमुन्यात नाही. पुढच्या दोन अर्जांना तेवढंही आलं नाही. मी आखडत गेले. कुणाची पिशवी अडकवायची, कुणाच्या कोपराला चिमटा काढायचा, असं होऊ लागलं. शेजारी हातगाडीसाठी एक लहान दार होतं. काकांनी त्याला वीट लावली आणि ते सताड उघडं ठेवलं.

"ताई, त्या चक्रीच्या नादाला कशाला लागता? खाष्ट आहे ती. इकडनं या."

खाष्ट! जशी काही मी कुणाची सासूच. पण सगळे तिकडूनच जाऊ लागले. डबा घेऊन येणारी दवाखान्यातली नर्स, दोन फेऱ्यांच्या मध्ये पाठ टेकणारा बसचा ड्रायव्हर, पक्षाघातानंतर आजींचा हात धरून नव्याने चालायला शिकणारे आजोबा. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. तिथे चार पावलांत भिंत येते. मला हे सगळे दिसायचे. पण दिसलेलं मीटरमध्ये जात नाही.

दर महिन्याला कचेरीतून एक कारकून येई. चष्मा कपाळावर चढवून माझ्या पोटात डोकावे आणि आकडा टिपून चालता होई. आत माणसं किती, हे बघायला मान वर करावी लागली असती; अंदाजपत्रकात तशी तरतूद नसावी.

मग एके सकाळी माझ्याच हातावर नोटीस चिकटवलेली दिसली. काकांनी ती आजी-आजोबांना वाचून दाखवली. "खर्चकपात धोरणानुसार... सदर उद्यानाचा वापर नगण्य असून, दैनिक सरासरी चार व्यक्ती... येत्या एक तारखेपासून कायमचे बंद."

"चार?" आजी म्हणाल्या. "अहो, चार तर आम्ही एका बाकावर बसतो!"

काकांनी नोटिशीकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग त्या विटेकडे.

"आजी, बाग मीच बंद पाडली."

"तुम्ही कशी? तुम्ही तर दार उघडं ठेवलंत!"

"तेच तर!"

मी जागच्या जागी गार पडले. इतकी वर्षं मी स्वतःला राखणदार समजत होते आणि निघाले बागेविरुद्धची एकमेव साक्षीदार. तीही एकदासुद्धा खोटं न बोलता.

नऊ दिवस उरले होते. काकांनी वीट काढली, लहान दार लावून घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनचं तेल आणून मला पाजलं. मग अख्खा मोहल्ला माझ्यातून आत गेला. आजोबांना पाच मिनिटं लागली. "आता डावा. हळू हो, गाडी सुटत नाहीये," आजी सांगत होत्या. पलीकडे पोचल्यावर आजोबा वाकड्या ओठांनी हसले. "पास झालो," म्हणाले.

नवव्या दिवशी कारकून आला. त्याने चष्मा पुसला, माझ्या पोटावर टिचकी मारली.

"चारावरून एकदम तीनशे? बिघडलंय हे."

"साहेब, माणसं समोर दिसतायत की!"

"दिसतायत हो. पण मी माणसं टिपायला आलेलो नाही."

आणि त्याने माझ्यादेखत लिहिलं : 'मीटर नादुरुस्त. आधीचाच आकडा ग्राह्य धरावा.'

इतक्या वर्षांनी मी पुन्हा माणसं नीट मोजली आणि बिघडलेली ठरले!

एक तारखेला लहान दाराला कुलूप लागलं. मला कुलूप लावायची सोय नाही, म्हणून माझे हात कायमचे जखडायला वेल्डर आला. त्याने काळा चष्मा चढवला, तेवढ्यात आजोबा माझ्या हातांमध्ये शिरले आणि थांबले.

"आजोबा, सरका. ठिणग्या उडतील."

"सरकतोय की. मला एक पाऊल टाकायला वेळ लागतो."

"किती वेळ?"

"डॉक्टर म्हणालेत, घाई करायची नाही."

वेल्डरला हसू आवरेना. त्याने फोन लावला. "साहेब, माणूस आत असताना वेल्डिंग करता येत नाही. नियम आहे."

आज चौथा दिवस. वेल्डर कचेरीच्या वेळेतच येतो, म्हणून दहा ते सहा माझ्यात कुणी ना कुणी उभं असतं. नर्स डबा इथेच उभ्याने खाते. आत्ता बसचा ड्रायव्हर आहे, पण तीन वाजता त्याची फेरी निघते. तीन ते चार कुणीच नाही. आजोबा सकाळी दोन तास उभे होते. शेवटी शेवटी त्यांचा पाय थरथरताना मला जाणवत होता. तरी ते म्हणतात, मी येतो.

त्यांना पुन्हा उभं करू नका. तुम्ही जवळच राहता, मला ठाऊक आहे. हळहळू नका, अर्ज लिहू नका. चपला घाला आणि या. पावणेतीन झालेत, आणि वेल्डर सावलीत बसून घड्याळ बघतोय.