तिपाईवरून न उठलेला माणूस

मी एक जुनी तिपाई आहे. लाकडी, बुटकी आणि सध्या फार रागावलेली. मित्रांनो, तिपाईने रागावू नये असा काही नियम असेल तर तो मला आजवर कुणी सांगितलेला नाही. लोक माझ्यावर बसून एका भल्या माणसाची बदनामी करतात, तीही माझेच नाव घेऊन, आणि मी मात्र निमूटपणे त्यांची वजने पेलत राहायचे? पुरे झाले. आज मी बोलणार आहे.

दारांच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला बनवले. मला करून घेणारा माणूस न्हावी होता. त्याने चार पाय मागितले होते.

"जमीन वाकडी असली की चार पायांची डुगडुगते," सुतार म्हणाला. "तीन पायांची कुठंही ठेव, घट्ट बसते. कुणाला हवीय?"

"धाकट्या भावाला. बॉक्सिंग खेळतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभर बसायला."

"मिनिटभर बसायला एवढी मजबूत कशाला?"

"त्या मिनिटात तो फार जड असतो," न्हावी म्हणाला. सुतार हसायचा थांबला आणि त्याने माझे पाय दोन बोटे जाड ठेवले.

या न्हाव्याला सगळे जण दादा म्हणत. धाकटा भाऊ डाव्या हाताने ठोसे मारायचा, म्हणून त्याचे नाव पडले डावरा. दादा दिवसभर दुकानात केस कापायचा आणि लढत असली की बादली, टॉवेल आणि मला घेऊन रिंगच्या कोपऱ्यात उभा राहायचा. घंटा झाली की मी आत, पुन्हा घंटा झाली की मी बाहेर. माझी नोकरी एवढीच. पण मित्रांनो, त्या मिनिटात जे घडते ते तिकीट काढून आलेल्या हजार माणसांना दिसत नाही. त्यांना पाठ दिसते. मला मांडीचा थरकाप कळतो, धाप कळते, पाठीवरून ओघळणारा घाम थेट माझ्या अंगावर पडतो. डावरा बसला की सगळा भार टाकून बसायचा. उठायचा मात्र असा, की मी मागे कलंडायची. लोक टाळ्या वाजवायचे. "याच्या तिपाईलासुद्धा घाई असते," असे एकदा कुणीतरी ओरडले, आणि ती माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची स्तुती.

डावरा ज्या तालमीत शिकला, त्याच तालमीत आणखी एक जण होता. त्याला चिकणा म्हणत, कारण इतक्या लढती खेळूनही त्याचे नाक सरळच्या सरळ राहिले होते. कसे राहिले ते मला विचारा! त्याचे मामा प्रतिस्पर्धी निवडायचे, आणि फार जपून निवडायचे. कुणी पोट सुटलेला, कुणी नुकताच तापातून उठलेला, कुणी नुसताच प्रवासखर्चावर खूश. चिकणा माझ्यावर टेकायचा तो उगीच रीत म्हणून, कोरड्या पाठीने. एकही लढत तो हरला नाही. मग हरणार कसा? पोहायला न जाणारा माणूस बुडत नाही, त्यात त्याचे कौतुक ते काय!

डावऱ्याला असा मामा नव्हता. समोर येईल त्याच्याशी तो खेळला आणि जिंकत गेला. जिल्ह्याचा विजेता झाला, मग राज्याचा झाला. हरला तो एकदाच, आणि ती लढत मी अक्षरशः त्याच्या अंगाखालून पाहिली आहे.

समोरचा खेळाडू उंच होता आणि त्याचा हात लांब होता. तो एकसारखा डावऱ्याच्या उजव्या डोळ्यावर मारत राहिला. तरी डावरा पुढे होता, लढत त्याच्या हातात होती. आठव्या फेरीनंतर तो माझ्यावर बसला तेव्हा तो डोळा सुजून बंद झाला होता. दादाने अंगठ्याने पापणी वर उचलली, दुसऱ्या हाताने भावाचा चांगला डोळा झाकला आणि विचारले, "किती बोटं?"

"दोन," डावरा म्हणाला.

दादाने बोट दाखवलेच नव्हते. त्याचे दोन्ही हात भावाच्या चेहऱ्यावर होते.

घंटा झाली. डावरा उठू लागला. तेवढ्यात दादाने त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि सगळे अंग त्याच्यावर घातले. लोकांना वाटले, भाऊ भावाला सावरतोय.

"सोड!" डावरा गुरगुरला.

"नाही सोडणार."

"दादा, जिंकतोय मी! सोड म्हणतो ना!"

"आंधळा होऊन जिंकणार? उठलास तर मी तुझा भाऊ नाही."

डावऱ्याने दोनदा जोर केला. दोन धट्टीकट्टी माणसे, एक वर ढकलतोय, एक खाली दाबतोय, आणि दोघांच्या मध्ये मी. माझ्या एका पायाला तेव्हा उभी चीर गेली. ती अजून आहे. कुणाला पुरावा हवा असेल तर त्याने खाली वाकून बघावे, पण वाकायचे कष्ट कोण घेतो!

पंच कोपऱ्यात आले. "कोण म्हणतंय थांबवा?" त्यांनी विचारले.

मागे गर्दी खवळली होती. बाटल्या यायला लागल्या होत्या. डावऱ्याने एका डोळ्याने त्या गर्दीकडे पाहिले, मग दादाकडे पाहिले आणि तो म्हणाला, "मीच म्हणतोय. माझ्यात जीव उरला नाही."

घरी जाताना मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली होते, म्हणून पुढचेही मला ठाऊक आहे. डावऱ्याने दादाला शपथ घातली. "तू थांबवलंस हे कुणाला सांगायचं नाही. हीच माणसं उद्या तुझ्या दुकानाच्या काचा फोडतील. मला काय करणार? माझ्यावर हात टाकायला कुणाची छाती आहे?" बोलताना तो हसला. दादा मात्र सायकल ढकलत रडत होता.

डॉक्टर म्हणाले, त्या डोळ्यावर आणखी दोनचार ठोसे बसले असते तर तो कायमचा गेला असता. डावरा पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. तो बोर्ड रंगवायला शिकला. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळांची नावे तो लिहू लागला. त्याच्या अक्षराला आज तोड नाही. पण सगळीकडे नोंद एकच झाली: खेळाडू तिपाईवरून उठला नाही. पराभूत.

आणि मी? जुनी तालीम बंद पडली तेव्हा मी भंगारात जाणार होते. दादाने मला दुकानात आणून ठेवले, नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी. पायाला तारेचे वेढे मारले. माझ्यावर केस पडले, साबणाचा फेस पडला, पोरे मला उलटे करून गाडी गाडी खेळली. ते सगळे मी सोसले. सोसवले नाही ते बोलणे.

रविवारी दुकानात वाद रंगायचा. बेकरीवाला चिकण्याच्या बाजूचा. "हार किती? शून्य! शून्याच्या पुढे काय बोलायचं राहतं?" टॅक्सीवाला डावऱ्याच्या बाजूचा. तो डावऱ्याने कुणाकुणाला आडवे केले ते हातवारे करून सांगायचा. पण बेकरीवाला म्हणाला, "शेवटी घाबरून बसून राहिलाच ना?" की हाच टॅक्सीवाला मान खाली घालायचा. "हो, तेवढं मात्र चुकलंच त्याचं." मला बेकरीवाल्यापेक्षा त्याचाच जास्त राग यायचा. बाजू घ्यायची तर नीट घ्या, नाहीतर गप्प बसा! आणि दादा? दादा शपथेला जागून पाठमोरा उभा राहायचा आणि ज्याच्या तोंडून भावाची निंदा ऐकली त्याचीच दाढी करायचा.

मग गावात नवा बॉक्सिंग हॉल बांधला गेला. दारावर तालमीतल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचे नाव लिहायचे ठरले. बेकरीवाला कमिटीत होता. एका रविवारी तो आला आणि माझ्यावर ऐसपैस बसला.

"दादा, मी कमिटीत नाव सुचवलंय. चिकण्याचं. परवा हात वर केले की झालं. बोर्ड तुझ्या भावाकडूनच रंगवून घेऊ, अक्षर छान आहे त्याचं."

खुर्चीत टॅक्सीवाला होता, अर्ध्या गालाला फेस. "अहो, डावरा राज्याचा विजेता होता! चिकण्यानं कुणाला हरवलं, ते तरी सांगा."

"असेल राज्याचा. पण तिपाईवरून उठला नाही तो! असल्या भित्र्याचं नाव दारावर लिहायचं?"

वस्तरा थांबला. दादाने तो पुसला, मिटला, खाली ठेवला. मग तो बेकरीवाल्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. मित्रांनो, मी ते वजन लगेच ओळखले. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच दोन हात.

"उठा," दादा म्हणाला.

"अरे, काय करतोस?"

"उठून दाखवा."

बेकरीवाल्याने जोर केला. तोंड लाल झाले. मैद्याच्या पोत्यांची सवय असलेला माणूस, पण जागचा हलला नाही. माझी तार करकरली.

"का नाही उठत? घाबरलात?" दादाचा आवाज फुटला. "असाच बसवला होता मी त्याला. मी! तो जिंकत होता आणि मी त्याला उठू दिलं नाही. मला मार बसू नये म्हणून त्यानं सगळं स्वतःवर घेतलं. आणि मी तुमच्या दाढ्या करत बसलो."

दादाने हात काढले, तरी बेकरीवाला उठला नाही. टॅक्सीवाल्याचा फेस गालावर वाळला. शेवटी बेकरीवाला पुटपुटला, "पण नियमाप्रमाणे हार ती हारच."

ऐकलेत? मला वाटले, तिन्ही पाय झटकून याला जमिनीवर पाडावे.

तेवढ्यात दारात डावरा उभा. बोर्डाचे माप विचारायला आला होता, कानामागे पेन्सिल. त्याने दादाचे डोळे पाहिले.

"बोललास?"

"बोललो. शपथ मोडली."

डावरा आत आला. मग बेकरीवाल्याला म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. हारच आहे ती, राहू द्या. जिंकलेल्या लढतींनी मला कप दिले. तांब्यापितळेचे, काळे पडले आता." त्याने तळव्याने आपला डावा डोळा झाकला. "दादा, बोटं दाखव."

दादाने बोटे वर केली.

"तीन," डावरा म्हणाला. "आणि करंगळीच्या नखात साबण अडकलाय."

बेकरीवाला उठला आणि दाढी न करताच निघून गेला.

तुम्हाला वाटेल, दारावर डावऱ्याचे नाव लागले. नाही लागले! कमिटीत हात वर झाले तेव्हा डावऱ्याच्या बाजूने एकच हात होता, आणि तो बेकरीवाल्याचा. शून्य हारीचा एवढा भक्त, पण त्या दिवशी तो सपशेल हरला. तसे त्याने दुकानात येऊन स्वतःच सांगितले. माझ्यावर बसण्याआधी तो आता दादाला विचारतो.

हॉलच्या दारावर चिकण्याचे नाव आहे. ते डावऱ्याने लिहिले. एकही रेघ वाकडी नाही, बघून या. मी अजून चिडलेलीच आहे, आणि मला शांत व्हायचेही नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. कुणी उठला नाही असे कळले, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या खांद्यांवर कुणाचे हात होते ते विचारा. आणि दुकानात आलात तर माझ्यावर हळू बसा. जमल्यास पायाला एक खिळा मारा. चीर मात्र बुजवू नका, ती राहू द्या.