मशीनबाईंचा सल्ला

धाकट्या लेकाची एक खोड मशीनबाईंना अजिबात खपत नव्हती. गिऱ्हाईक समोर उभं असो, मशीन उघडं पडलेलं असो, याचा हात स्क्रूड्रायव्हर सोडून खिशातल्या मोबाइलकडे जायचा. "बघतो काय सांगतोय," म्हणायचा. अरे, सांगायला ते मशीन समोर बसलंय, त्याला विचार की. पण नाही. याला हातच्या कांकणालाही आरसा हवा.

शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात बाईंची उभी हयात गेली. शाळा दुसरीत सुटली, पण नवरा गेल्यावर दुकान काही सुटू दिलं नाही. सहा वर्षांपूर्वी थोरल्या सुनेनं दुकानाची वेबसाइट काढली. दुपारी वर्दळ नसली की बाई सांगायच्या आणि सून टाइप करायची. एका पानावर एकच बिघाड: कुणाच्या मशीनला झाला, आधी आपलं काय चुकलं, मग तो कशानं गेला. अशी एक्केचाळीस पानं झाली. लोक सर्चमध्ये 'टाके सुटतात' असं लिहायचे, ते पान वाचायचे, आणि तरी जमलं नाही तर मशीन गाडीत घालून थेट दुकानात यायचे.

गेल्या वर्षापासून पानांवर कुणी फिरकेना. धाकट्यानं कारण सांगितलं. आता सर्च नुसता पत्ता देत नाही, उत्तरही स्वतःच देतो. पन्नास ठिकाणचं गोळा करून वर चार ओळी मांडतो. लोक तेवढ्या वाचतात आणि निघून जातात.

"म्हणजे स्वयंपाक माझा आणि मिरवतोय वाढपी," बाई म्हणाल्या.

"तसंच. म्हणून आपण पानं वाढवायची. जितकी पानं जास्त, तितकं आपलं नाव त्या चार ओळींत येईल."

"माझं तर सांगून संपलं."

"तू कशाला सांगायला हवंस? मोबाइलला विषय दिला की आपोआप लिहून मिळतं हल्ली."

दोन महिन्यांत नवी तीनशे पानं झाली. प्रत्येक पानावर बाईंचा चष्मा लावलेला फोटो आणि खाली 'मशीनबाईंचा सल्ला'. बाईंना एक ओळ वाचायलाही वेळ लागे, तीनशे पानं कुठून वाचणार? त्यांनी सुनेला विचारलं, कसं काय लिहिलंय गं?

"वाचताना छान वाटतं, आई. वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही."

पण नाव झळकायला लागलं होतं आणि धाकटा हवेत होता.

मंगळवारी पडदे शिवणारी आली. वीस वर्षांत तिच्या मशीनला बाईंशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. तिनं मशीन टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक पांढरा पडदा पसरला. शिवणीच्या कडेनं काळे डाग, जणू मुंग्यांची रांग.

"सोळा पडदे असे झाले. तुम्ही सांगितलंत म्हणून केलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच बाईंना जास्त लागलं.

"मी काय सांगितलं?"

तिनं मोबाइल पुढे धरला. दोरा तुटत असेल तर दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये दोन थेंब तेल सोडा. खाली बारीक अक्षरात बाईंचं नाव. बाईंनी बोट ठेवून दोनदा वाचलं. अख्ख्या मशीनमध्ये तेल लावायचं नाही अशी जी जागा, तीच ही. तिथं तेल गेलं की दोरा घसरतो आणि आतला सगळा मळ कापडावर उतरवतो.

"अगं, आधी मला विचारायचंस तरी."

"तुम्हालाच तर विचारलं. तुमचा फोटो होता."

बाईंचा हात सवयीनं मशीनकडे गेला. तिनं मशीन अलगद मागे ओढलं. "राहू दे, दुसरीकडे दाखवते. फक्त सांगायला आले होते." आणि ती गेली. बाईंचा हात टेबलावर तसाच राहिला.

तोवर सुनेनं शोधून काढलं. दोनशे बारावं पान.

"तीनशेत एखादं चुकायचंच, आई," धाकटा म्हणाला. "काढून टाकतो ते."

"आणि बाकीच्यांत काय आहे? वाचलंस?"

"एवढी कोण वाचत बसणार?"

"तू वाचली नाहीस, मी सांगितली नाहीत, लिहिणाऱ्यानं मशीन कधी बघितलं नाही. मग तिनं भरवसा ठेवला तो कुणावर?"

"सगळी काढली तर आपण दिसेनासे होऊ. तुझ्या एक्केचाळीस पानांना आता कोण विचारतंय?"

खोटं बोलत नव्हता तो. म्हणून तर बाईंच्या अंगाची लाही होत होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"आजवर तू स्वतःच्या हातानं किती मशीनं उघडून परत चालू केलीस?"

धाकट्यानं भिंतीकडे बघून हिशेब केला. "दोन."

"मग उद्यापासून तुझी दोनच पानं राहतील, आणि त्यावर फोटो तुझा. तिसरं लिहायचंय तर आधी तिसरं मशीन उघड. ते नंतर. आत्ता तिच्या घरी जा, सोळाही पडदे डाग काढायला घेऊन ये, आणि ते सल्ले माझे नव्हते, तुझे होते, हे तिच्या तोंडावर सांगून ये."