टाकीकडे तोंड करून ठेवलेला कूलर

मी एक जुना लोखंडी कूलर आहे. जळगावच्या उन्हाळ्यात अकरा वर्षं राबलो आहे. मित्रांनो, आज माझ्या तोंडून गोड शब्द येतील अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ती काचेची टाकी माझ्या अगदी समोर बसली आहे.

धुळ्याच्या एका पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. सुंदरबाईंनी मला हळदकुंकू वाहून घरात घेतलं. मे महिन्यात माझ्यापुढे खाट टाकायला घरात भांडणं होत. पाहुणे म्हणत, "काय थंडगार हवा शे, भो!" ते ऐकून मी आणखी जोरात घुरघुरायचो.

पुढे सुंदरबाई चोपड्याला धाकट्या मुलाकडे गेल्या. इथे त्यांची थोरली सून दिपमाला राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवते. समुद्र तिने एकदाच पाहिला, पण तो घरात हवा, असं तिच्या मनाने घेतलं. पैसे बेताचेच. दीड फुटी जुनी काचेची टाकी ती धुळ्याहून एसटीत मांडीवर घेऊन आली. समुद्री मीठ पुण्याहून मागवलं आणि फिल्टरच्या पाण्यात बादलीतच ढवळलं. खारटपणा मोजायचं यंत्र तेवढं पुढच्या महिन्यावर ढकललं. महिनाभर टाकीत नुसते दगड ठेवून तिने धीर धरला. मग दोन नारिंगी मासे आणि एक मऊ, डुलणारं प्रवाळ आलं.

आणि मला ओढून टाकीकडे तोंड करून उभं केलं! पाणी तापलं तर प्रवाळ मरतं म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिची काच रोज मऊ फडक्याने पुसली जायची. माझं गवत दोन वर्षांत कुणी बदललं नव्हतं. वर तिचीच चाकरी करायची!

माझ्या वाऱ्याने टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. दिपमाला रोज मिठाचं पाणी करून भर घालायची. चूक तिथेच होती आणि ती मला कळत होती. पंधरा दिवसांत प्रवाळ मिटलं. एक मासा तळाशी आडवा पडला. दिपमाला डोळे पुसत पुस्तकं चाळू लागली. मला वाटलं, बरी जिरली! वाचा असती, तरी मी बोललो नसतो.

त्याच आठवड्यात सुंदरबाई आल्या. हवा लागेना म्हणून त्यांनी माझी मागची जाळी उघडली. गवतावर बोअरच्या पाण्याचा पांढरा, खडखडीत थर बसला होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि सुनेला हाक मारली.

"हाई दख. पानी उडी गयं, खार तठेच राही गया. तू त्या पेटीमा रोज काय टाकस?"

"मिठाचं पाणी, आई."

"मंग मासा जगतीन का?"

दिपमालाने कपाळावर हात मारला. रोज थोडं खारं पाणी काढायचं आणि तेवढं फिल्टरचं साधं पाणी घालायचं, असं तिने हळूहळू केलं. आडवा पडलेला मासा वाचला नाही. दुसरा वाचला. पाचव्या सकाळी प्रवाळही उघडलं.

मला नवं गवत मिळालं. पण हेवा गेला, असं खोटं सांगणार नाही. पाहुणे अजून टाकीकडेच बघतात. उरलेला मासा मात्र माझ्या बाजूच्या काचेपाशी येऊन एकटाच थांबतो, तेव्हा माझ्याने त्याच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना बोलता येत नाही. वर्षातून एकदा तरी त्यांची मागची जाळी उघडून बघत जा. माझी पंधरा दिवस आधी उघडली असती, तर टाकीत आज दोन मासे असते.